मापाच्या डब्यातलं पाणी

पाळक स्टेडमन जेवायला बसला की पहिला घास तोंडात जायच्या आत देव यायचा आणि दुसरा घास जायच्या आत जमीन. तिसऱ्या घासाला दोघंही एकच होऊन जायचे. पाच वर्षांत केझाया थॉर्नबरीला हे सगळं तोंडपाठ झालं होतं. तरी त्या शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या ताटात मक्याचा पाव वाढताना तिचे कान टवकारलेले होते. गेल्या पंधरवड्यापासून तिला या माणसाचा दाट संशय होता, आणि संशय आलेल्या माणसाला वाढताना हात जरा आखडतोच.

हा स्टेडमन रविवारी पाळक आणि उरलेले सहा दिवस नव्या कनान गावच्या जमिनींचा दलाल. गाव म्हणजे काय, तर एक प्रार्थनाघर, एक लोहारशाळा आणि त्याचंच दुकान. टपालाची थैलीही त्याच्याच दुकानात यायची. म्हणजे नेब्रास्काच्या या माळावर देवाचा निरोप, सरकारचा निरोप आणि माहेरचा निरोप, तिन्ही एकाच माणसाच्या हातून. दर शुक्रवारी तो नवीन आलेल्या लोकांना जमिनी दाखवून परतताना थॉर्नबरींकडे उतरायचा, जेवायचा, गोठ्यालगतच्या छपरात झोपायचा आणि सकाळी पावसाचे आकडे उतरवून न्यायचा.

"सांगा थॉर्नबरीबाई, ही जमीन देवानं कुणासाठी राखून ठेवली होती?" त्यानं विचारलं.

"नांगरणाऱ्यासाठी!" उत्तर लेम्युएलनं दिलं. लेम्युएल तिचा नवरा. पाळकानं प्रश्न विचारला की हा शाळेतल्या पोरासारखा आधीच हात वर करून बसलेला.

"बरोब्बर! या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत. इथं ते पॉनी जमातीचे इंडियन लोक होते, किती पिढ्या कोण जाणे, पण एक सरी नांगरली नाही पठ्ठ्यांनी. म्हणून आभाळ रुसून बसलं होतं. आपण आलो, जमिनीत फाळ घातला, दडलेली ओल वर गेली, तिचे ढग झाले. नांगर पुढे, पाऊस मागे! हे मी नाही बोलत, बाई. तुमचे आकडे बोलतात. पहिल्या साली सतरा इंच, मग एकोणीस, मग एकवीस. गेल्या साली चोवीस!"

 केझायानं फडताळाखालून एक वस्तू काढली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली. गव्याच्या खांद्याचं रुंद हाड. एका कडेला धार आणलेली, दुसऱ्या टोकाला खाच, खाचेभोवती वाळलेली चामड्याची वादी. वसंतात नदीकाठची पट्टी नांगरताना सापडलेलं.

"मग हे काय आहे, पाळकसाहेब?"

"हाड आहे, बाई. जनावराचं हाड."

"त्याला दांडा बसवायची खाच आहे."

"कोल्ह्यानं कुरतडली असेल."

"आणि कोल्ह्यानं वर वादीही गुंडाळली का?"

लेम्युएलनं टेबलाखालून तिच्या पायावर पाय दाबला. पाळक मात्र दिलखुलास हसला. हसता हसता त्यानं काकवीचं भांडं जवळ ओढलं आणि अगदी सहज विचारलं, "ओहायोला बहिणीला उत्तर धाडलंत का हो?"

केझायाच्या हातातली किटली जागच्या जागी थांबली. बहिणीचं पत्र आल्याचं तिनं याला सांगितलं नव्हतं. लेम्युएलनंही नव्हतं. पाकिटावरचा शिक्का त्यानं पाहिला असेल, ठीक आहे. पण उत्तर मागणारं पत्र आहे हे पाकिटावर लिहिलेलं नसतं.

धाकट्या फिलुराचं ते पत्र तिच्या एप्रनच्या खिशात होतं. फिलुरानं लिहिलं होतं, "ताई, तिकडच्या जमिनीची पत्रकं इथं वाटताहेत. हायरमला तर वेडच लागलंय. पण पत्रक काय, कुणीही छापतं. पाऊस तू मोजतेस ना? मग तू लिही. तू हो म्हणालीस तर शेत विकून पोरंबाळं घेऊन येतो. नाही म्हणालीस तर बाबांच्या शेतावरून जागचे हलत नाही." बाबांचं शेत! काळी माती, ओढा, सफरचंदाची चाळीस झाडं. ते राहायचं की जायचं, हे आता केझायाच्या एका आकड्यावर ठरायचं होतं. महिना झाला, तिनं उत्तर लिहिलं नव्हतं.

आणि लिहिणार तरी काय? त्या आकड्यांवरचा तिचाच विश्वास उडाला होता.

झालं होतं असं. पावसाचं माप घ्यायचा पत्र्याचा डबा पाळकानंच पाच वर्षांपूर्वी आणून अंगणातल्या खांबाला ठोकला होता. सोबत एक खुणा केलेली काठी. रोज सकाळी सातला केझाया काठी बुडवायची, ओल कुठवर आली ते बघायची, वहीत आकडा लिहायची आणि डबा रिकामा करायची. एक दिवस चुकली नाही. तापानं फणफणली तेव्हाही भिंतीला धरून धरून गेली. पंधरवड्यापूर्वी मात्र तिच्या हातून एक विसरभोळेपणा झाला. धुण्याचा लाकडी टब ती कधी बाहेर ठेवत नाही, उन्हानं फळ्या तडकतात. त्या दिवशी राहिला. रात्री भुरभूर झाली. सकाळी बघते तो काय, डब्यात अर्धा इंच पाणी आणि दहा पावलांवरच्या टबचा तळ नुसता ओलसर! घेवड्याच्या पानांवरची धूळसुद्धा धड धुतली गेली नव्हती.

आता हा माळ आहे, इथं पाऊस तिरपाही येतो, हे तिनं स्वतःला समजावून पाहिलं. पण बाई धुणं धुणारी होती. पावसाचं पाणी आणि विहिरीचं पाणी यातला फरक तिला शिकवायला कोण लागतंय? इकडच्या विहिरीचं पाणी इतकं जड की साबण चोळला तर फेस नाहीच, उलट फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात. म्हणून तर बायका पावसाचं पाणी जिवापाड साठवतात. तिनं डब्यातलं पाणी कपात ओतलं, साबणाची कपची टाकली, बोटानं घुसळलं. गुठळ्या. फेसाचं नाव नाही.

पावसात विहीर कालवली होती कुणीतरी.

कुणीतरी म्हणजे दुसरं कोण? आकडे वाढले तर कुणाच्या जमिनी विकल्या जातात? ती सकाळ शनिवारचीच होती आणि आदल्या रात्री पाळक छपरातच झोपला होता. मधला शुक्रवार कोरडाच गेला, म्हणून ती या शुक्रवारची वाट बघत होती.

जेवणं झाल्यावर तिनं बेत साधला. विहिरीचा पोहरा दोर झिजल्याचं निमित्त करून घरात आणून ठेवला. म्हणजे बाहेर पाणी उरलं फक्त पाळकाच्या छपरात, हातपाय धुवायला ठेवलेल्या सुरईत. त्या सुरईत तिनं कपड्यांची नीळ चिमूटभर कालवली. इतकी थोडी, की मातीच्या सुरईत दिसू नये आणि पांढऱ्या बशीत ओतली की दिसल्यावाचून राहू नये. "चल बाबा, ओत आता," ती मनात म्हणाली आणि झोपायला गेली.

नशिबानं पहाटेपूर्वी चार थेंब पडले. सातला ती डब्यापाशी उभी. काठीवर ओल आली चार दशांश इंच. तिनं पाणी बशीत ओतलं. 

पाणी स्वच्छ होतं. निळं नव्हे, पिवळं नव्हे, काही नव्हे. साबण टाकला, तर गुठळ्या.

पाळक सुरईतल्या पाण्यानं तोंड धुऊन, मिशा पुसत, गाणं गुणगुणत आला. तिनं दिलेला आकडा त्यानं आनंदानं टिपून घेतला. डब्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. पाच वर्षांत एकदा तरी पाहिलं होतं का? केझायाला आठवेना.

बाहेरचं पाणी नव्हे, मग घरातली बादली. आणि घरात माणसं किती? तिनं पुढचा विचार दारातच अडवला. विचार कसला अडतोय! सोमवारी धुणं धुताना आला, मंगळवारी लोणी घुसळताना आला. शेवटी मंगळवारी दुपारी ती तडक चार मैल चालत म्हाताऱ्या बातीस्तकडे गेली. हाड बरोबर घेतलं. घराबाहेर पडायला काही तरी निमित्त हवं होतं.

बातीस्त हा जुना कातड्यांचा व्यापारी, नदीकाठी तीस वर्षं राहिलेला. त्याची बायको पॉनी होती. तिच्या लोकांना सरकारनं दक्षिणेला हलवलं त्याच्या आदल्या हिवाळ्यात ती वारली. म्हणून हा मागे राहिला, कबरीपाशी. हाड हातात घेऊन त्यानं बराच वेळ अंगठ्यानं धार चाचपली.

"कुदळ आहे, पोरी. माझी सासू अशीच वापरायची. मका, भोपळे, घेवडा. सगळं खाली नदीच्या गाळात. तू राहतेस तिथं वर माळावर कुणी मका लावला असता तर म्हातारीनं त्याला वेडा समजून दोरीनं बांधून ठेवला असता."

"पाळक म्हणतात त्यांनी शेतीच केली नाही."

"पाळकानं आल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्यांच्याच धान्य साठवायच्या खड्ड्यातला मका खाल्ला. ते नाही सांगत तो?"

"आणि पाऊस? बाबा, पाऊस वाढलाय का हो?"

"वाढतो, आटतो. अठराशे साठ साली गवतसुद्धा उगवलं नाही, बैलांनी झाडांच्या साली खाल्ल्या. त्याच्या आधी सहा वर्षं नुसता चिखल होता. तेव्हा कुठं कोण नांगरत होतं?" तो तिच्याकडे बघत राहिला. "शनिवारी तुझ्याकडे किती पडला?"

"चार दशांश."

"माझ्याकडे धूळ बसली नाही," बातीस्त म्हणाला आणि हाड तिच्या हातात परत दिलं.

त्या संध्याकाळी तिनं घरातल्या बादलीत नीळ कालवली. कालवताना तिला स्वतःची शिसारी आली. सोळा वर्षांचा संसार, दोन लेकरं ओहायोत पुरलेली, सगळं एकमेकांच्या आधारानं ओढलेलं, आणि आज ती नवऱ्यासाठी सापळा लावत होती, उंदराला लावावा तसा. "होऊ दे स्वच्छ पाणी," ती पुटपुटली. "देवा, एवढं एकदा होऊ दे स्वच्छ."

बुधवारी उजाडता उजाडता भुरभूर झाली. लेम्युएल नेहमीसारखा सहाला उठला, बैलांना वैरण घालायला बाहेर गेला. सातला केझायानं बशीत पाणी ओतलं. बशीचा तळ आभाळासारखा निळा झाला.

लेम्युएल गोठ्यातून येत होता. तिनं बशी दोन्ही हातांत धरून त्याच्यापुढे केली. नीळ कसली, कुणी कालवली, काही सांगावं लागलं नाही. त्यानं बशीकडे पाहिलं, मग घराच्या दाराकडे, आणि टोपी काढून हातात घेतली.

"कधीपासून, लेम?"

"दुसऱ्या सालापासून."

"का? पाळकानं सांगितलं?"

"त्याचा काय संबंध! त्याला आकडा वाढला की झालं, तो कशाला विचारतोय." त्याचा आवाज चिरकला. "पहिल्या साली तू काय करायचीस आठवतं? वहीत शून्य लिहायचीस आणि दाराशी बसून रडायचीस. परत जाऊ, परत जाऊ, एकच धोशा. मग एकदा रात्रीत एक इंच पडला आणि तू अंगणातून ओरडत आलीस, लेम, एक इंच! हसत होतीस, केझी. ओहायो सुटल्यापासून पहिल्यांदा हसलीस. मग पुढच्या वेळी मी घातलं बादलीतलं ओगराळंभर पाणी. पाऊस आला असेल तेव्हाच, कोरड्या दिवशी कधी नाही. वर थोडंसं. थोडंसंच."

"एकूण किती?"

"ते काय मोजलंय का मी?"

"मी मोजलंय!" ती इतक्या जोरात ओरडली की कोंबड्या फडफडल्या. "पाच वर्षं रोज सकाळी मी मोजलंय! माझ्या हातानं लिहिलंय!"

"खोटं नाहीये गं ते," तो गयावया करत म्हणाला. "नांगरलं की पाऊस येणार, हे लिहिलेलंच आहे. देवानं ही जमीन आपल्याला दिली ती काय उपाशी मारायला? त्याला जरा उशीर होतोय, एवढंच. तेवढंच मी भरून काढलं."

केझायाला त्याच्या तोंडावर बशी फेकून मारावीशी वाटली आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. एवढे दिवस ती एका लबाड माणसाला शोधत होती. लबाड माणूस सापडला असता तर किती बरं झालं असतं! इथं हा उभा होता, पापभीरू, मनापासून विश्वास ठेवणारा, आणि त्याच्या ओगराळ्यावर अख्खी नवी वस्ती उभी राहत होती. लेम्युएलनं टोपी घातली, बैल सोडले आणि वरच्या माळावर नांगर धरायला निघून गेला.

तिनं दोन दिवस खपून पत्र लिहिलं. काही लपवलं नाही. डबा, टब, साबण, नीळ, लेम सहाला उठून ओगराळं कसं ओतायचा आणि ती सातला ते कसं मोजायची, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, "फिलुरा, येऊ नका. बाबांचं शेत सोडू नका." पाकीट बंद केलं आणि मग तिच्या लक्षात आलं की टपालाची थैली पाळकाच्या दुकानात आहे. छे! त्याच्या हातात हे पत्र पडलं तर ते शेगडीत जाणार नाही कशावरून? रेल्वेचं स्टेशन नऊ मैलांवर होतं. शनिवारी पहाटे, पाळक छपरात घोरत असतानाच, माप न घेता ती डोक्याला रुमाल बांधून चालत निघाली. पश्चिमेकडे जाणारी गाडी स्टेशनावर पाणी भरायला थांबते, पूर्वेला ओहायोकडे जाणारी तिच्या मागोमाग येते. पूर्वेच्या गाडीत टपालाच्या डब्यातल्या माणसाच्या हातात स्वतः पत्र द्यायचं, आणि तो ते थैलीत टाकेपर्यंत तिथून हलायचं नाही.

वाटभर मका उभा होता, कमरेएवढा, पानं सुरळी झालेली. मागच्या वर्षी इथं चार घरं होती, आता अकरा झाली होती. एका अंगणातून बाई ओरडली, "थॉर्नबरीबाई, या आठवड्याला किती हो?" केझायानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पाय उचलला.

पश्चिमेची गाडी आली. वसाहतीला निघालेल्या लोकांचा डबा उघडला, गाठोडी, पिंजरे, पोरं बाहेर पडू लागली. केझाया बाजूला उभी राहून पत्र छातीशी धरून पूर्वेकडे निघणाऱ्या गाडीची वाट बघत होती. इतक्यात कुणीतरी किंकाळी फोडली.

"ताई! अगं बाई, ताई! तुला कसं कळलं गं आम्ही येणार?"

फिलुरा धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. मागे तीन मुलं. त्यांच्या मागे हायरम, दोन्ही खांद्यांवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली सफरचंदाची रोपं.

"तुझ्या उत्तराचीच वाट बघणार होतो," फिलुरा धापा टाकत बोलत होती, "पण मग हे आलं. बघ तरी! म्हटलं आता आणखी काय विचारायचं राहिलं?"

नवीन पत्रक होतं. वर नांगराचं चित्र, नांगरामागून येणारे ढग, आणि खाली ठळक अक्षरांत: श्रीमती केझाया थॉर्नबरी या देवभीरू गृहिणीनं रोज सकाळी सात वाजता स्वतःच्या हातानं घेतलेली मापं. सतरा, एकोणीस, एकवीस, चोवीस. पाळकानं तिला विचारलंही नव्हतं.

 केझायानं पत्र पुढे केलं. फिलुरानं हसत पाकीट फोडलं. तिथंच उभ्या उभ्या वाचलं, आणि वाचता वाचता तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"शेत?" केझायानं विचारलं.

"गेलं."

"घर?"

"सगळं गेलं, ताई."

पूर्वेची गाडी शिट्टी देत आली, थांबली आणि निघूनही गेली. रुळांपलीकडे हायरम गुडघ्यांवर बसला होता. मूठभर माती घेऊन त्यानं ती पोरांना हुंगायला दिली, स्वतः हुंगली आणि मोठ्यानं हसला. फिलुरा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पत्राची घडी घातली, घडीची घडी घातली आणि पोलक्याच्या आत खोचली.

"त्याला यातलं एक अक्षर कळता कामा नये," ती म्हणाली. "बाबांचं शेत त्यानं माझं मन मोडून विकलंय. हे कळलं तर तो उठून उभा राहायचा नाही."

"फिलुरा, अगं, पण..."

"ओगराळं कुठं असतं तुमच्याकडे? बादलीपाशीच?"

केझाया एक पाऊल मागे सरकली.

"आम्ही घर बांधेपर्यंत तुमच्याकडेच राहू," फिलुरा डोळे पुसत म्हणाली. "तू माप सातला घेतेस ना? मग मला सहाच्या आधी उठव."